भाव काय?

मराठीतला भाव हा शब्द सकाळी मंडईत भेटतो आणि संध्याकाळी देवळात, आणि दोन्ही ठिकाणी तो आपल्याला परका वाटत नाही. मेथीची जुडी हातात घेऊन आपण ज्या शब्दाने विचारणा करतो, त्याच शब्दाने हात जोडल्यावर आपल्या आत काय दाटले आहे तेही सांगतो. सोन्याचा भाव चढतो, भक्ताचा भाव भोळा असतो, जरासे यश मिळालेला माणूस भाव खाऊ लागतो आणि मग हळूहळू त्याला कोणी भाव देईनासे होते. आणि इतक्या निरनिराळ्या घरांत नांदणारा हा शब्द मुळात एकाच धातूचा, भू म्हणजे असणे, होणे, या धातूचा वंशज आहे. गेली कित्येक वर्षे मी हा एक शब्द जपमाळेच्या मण्यासारखा बोटांत फिरवत आलो आहे. त्याची एक बाजू मात्र मला अगदी अनपेक्षित जागी दिसली. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडात तयार झालेल्या, दोनच माणसे बसतील अशा एका मोटारगाडीत ती दिसली, आणि त्या गाडीच्या निमित्ताने आज आपण सारे मिळून हा शब्द थोडा उकलून पाहू.

माझा भाचा कव्हेंट्रीजवळ राहतो. टाटा मोटर्सने 2008 साली फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही मिळून 2.3 अब्ज डॉलरना घेतले, तेव्हापासून पुण्या-पिंपरीच्या कितीतरी घरांत कव्हेंट्री हे नाव संगमनेर-सिन्नरइतक्या सहजतेने उच्चारले जाऊ लागले आहे, आणि हा त्यांपैकीच एका घरातला. एका रविवारी त्याचा फोन आला. जवळच्याच एका खेड्यात 1965 सालची जॅग्वार ई-टाइप विकायला निघाली होती, बंद टपाची, 4.2 लिटर इंजिनाची. मालक म्हातारा, गाडी गुडघ्यांना झेपत नाही म्हणून काढतो आहे. आणि मागतो आहे तो आकडा लाख पौंडांच्या जवळपास फिरणारा. ‘मामा, भाव बरोबर आहे का?’ मला गाड्यांतले जे कळते ते माझ्या जुन्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरपुरते, हे त्याला ठाऊक होते, आणि तसे मी म्हणालोही. त्यावर तो म्हणाला, ‘गाडीतलं सांगणारे इथे रग्गड आहेत. तू फक्त ऐक आणि कुठे चुकतोय ते सांग.’ असे कोणी म्हटले की मामाला ऐकावेच लागते.

ज्या वस्तूचा भाव ठरवायचा ती वस्तू आधी नीट डोळ्यांपुढे यायला हवी. ही गाडी जगापुढे आली 15 मार्च 1961 रोजी, जिनिव्हात. मागणी इतकी झाली की आणखी एक गाडी तातडीने हवी म्हणून नॉर्मन ड्यूइस या चाचणीचालकाला कव्हेंट्रीहून रातोरात निघावे लागले, आणि तो खाडीपलीकडचा फ्रान्स ओलांडून सकाळी जिनिव्हात हजर झाला. तिचा आकार माल्कम सेयरने काढला, आणि तो मूळचा विमानांच्या कारखान्यातला माणूस, वाऱ्याचे गणित मांडून वळणे ठरवणारा. त्यामुळे तिच्या लांबलचक बॉनेटकडे पाहताना आपल्याला जे सौंदर्य वाटते ते त्याच्या वहीत आकडेमोड म्हणून जन्मले होते. सुरुवातीच्या 3.8 लिटर इंजिनाची ताकद 265 अश्वशक्ती सांगितली जाई, वेग ताशी दीडशे मैलांचा, म्हणजे सुमारे 240 किलोमीटरचा, आणि हे सारे कर धरून दोन हजार पौंडांच्या थोडे पुढे. एवढा वेग देणाऱ्या इतर गाड्यांना त्या काळी याच्या दुपटीहून अधिक मोजावे लागत. 1996 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने एक निळी ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली. ही सगळी थोरवी एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात ही गोष्ट की 1961 पासून पुढच्या सुमारे चौदा वर्षांत अशा 72,000 हून अधिक गाड्या बाहेर पडल्या. म्हणजे ती दुर्मीळ नाही. मग तिला भाव कशाचा?

बाजारातला भाव हा या शब्दाचा सर्वांत वरचा पापुद्रा, आणि तो खोटा नसतो, फक्त पातळ असतो. जुन्या गाड्यांच्या जाणकारांनी या पापुद्र्याचेही शास्त्र केले आहे: प्रदर्शनात पहिली यावी अशी निर्दोष गाडी पहिल्या प्रतीची, जवळून पाहिल्यावरच दोष दिसावा अशी दुसऱ्या, रोज चालवून थोडी वापरलेली पण नेटकी अशी तिसऱ्या, आणि डोळ्यांना लगेच खटकावे असे काही असलेली चौथ्या प्रतीची, आणि प्रत्येक प्रतीला त्या त्या वर्षीचा भाव. लिलावात हातोडा पडला की तो आकडा अंतिम असे आपण समजतो, पण घेणाऱ्याला त्यावर साधारण दहा ते पंधरा टक्के लिलावगृहाचे वेगळे मोजावे लागतात, आणि वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा बहुधा हे सारे धरून असतो. ज्याने घरी बसून तो आकडा वाचला आणि आपल्या गाडीला लावला, त्याची फसगत तिथेच सुरू होते. हे सगळे माझ्या भाच्याने एका आठवड्यात तोंडपाठ केले. त्याचा आकडा तिसऱ्या आणि दुसऱ्या प्रतीच्या मधोमध बसत होता, आणि तेवढ्यावर तो निवांत झाला होता.

मी मात्र त्याला एका दुसऱ्या गाडीची गोष्ट सांगितली, कारण बाजाराचा भाव किती वेळा आंधळा असतो हे त्या गोष्टीत जितके दिसते तितके क्वचित दिसते. फेरारीच्या कारखान्याने 1962 ते 1964 या काळात 250 जीटीओ नावाच्या, तीन लिटर इंजिनाच्या जेमतेम 36 गाड्या केल्या; त्या वेळी अमेरिकेत तिची किंमत अठरा हजार डॉलरांच्या आसपास होती. शर्यतीची गाडी शर्यतीतून निवृत्त झाली की तिला कोण विचारतो? त्यांतली एक गाडी टेक्सासमधल्या एका शाळेला दान मिळाली, मुलांनी तिच्यावर दुरुस्ती शिकावी म्हणून. 1972 साली शाळेने ती साडेसहा हजार डॉलरना विकली, आणि पुढे कित्येक वर्षे ती एका ट्रेलरवर, उघड्या शेतात, ऊन-पाऊस-बर्फ झेलत उभी होती. आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात तिचीच एक बहीण 4 कोटी 84 लाख डॉलरना गेली. गाडीची जात तीच, पत्रा तोच, बारा सिलिंडर तेच; मग या दोन आकड्यांच्या मध्ये नेमके काय बदलले? अंगात काहीच बदलले नव्हते. बदलले ते पाहणाऱ्यांचे डोळे, आणि त्या डोळ्यांना दिसू लागलेला एक अभाव.

अभाव हाही शेवटी भावच, नकाराचा उंबरठा ओलांडून आलेला. आपल्या वैशेषिकांनी जगातल्या पदार्थांची गणना करताना पुढे अभावाला स्वतंत्र पदार्थाचे आसन दिले. ‘नसणे’ हीही जगातली एक खरी गोष्ट आहे, असे त्यांनी मानले, आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात उभे राहिले की त्यांच्या या म्हणण्याची प्रचीती पावलोपावली येते. ई-टाइपच्या 72,000 गाड्यांतही हा अभाव आपली घरे करून बसला आहे: अगदी आरंभीच्या पाचएकशे गाड्यांत बॉनेटची कुलुपे बाहेरून, वेगळ्या किल्लीने उघडावी लागत, पहिल्या काही महिन्यांच्या गाड्यांचा तळ सपाट होता, त्यात उंच चालकाचे पाय अवघडत, म्हणून पुढे तळाला खळगे करण्यात आले, आणि आज तीच अवघडणारी, बाहेरून किल्ली लावावी लागणारी गाडी अधिक भाव खाते. जो दोष म्हणून सुधारला गेला, तो दोष पुढे दुर्मीळ झाल्यामुळे गुण ठरला. मला यात थोडे हसू येते, आणि थोडी भीतीही वाटते. कारण अभावाला भाव देणारा माणूस कधीकधी वस्तूकडे पाहणेच विसरतो.

आता एक पापुद्रा उचलू आणि धातूपाशी येऊ. भाव म्हणजे असणे. ‘या गाडीचा भाव काय’ या प्रश्नाच्या आत ‘ही गाडी आहे कोण’ हा प्रश्न दडलेला असतो, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तराआधी देता येत नाही. इंग्लंडातले जाणकार यासाठी क्रमांक जुळतात का ते पाहतात: चॅसिसचा क्रमांक पुढच्या नळ्यांच्या चौकटीवर ठोकलेला असतो, इंजिनाचा इंजिनाच्या ओतीव अंगावर, गिअरबॉक्सचा गिअरबॉक्सवर, आणि बॉडीचा आणखी वेगळा, मग जॅग्वारच्या जुन्या नोंदी जपणारी जी विश्वस्त संस्था आहे ती त्या चॅसिस क्रमांकाचा दाखला देते, की ही गाडी अमुक दिवशी बांधून झाली, रंग अमुक होता, आतले कातडे अमुक रंगाचे होते, आणि ती अमुक विक्रेत्याकडे, अमुक देशात रवाना झाली. एका अर्थी तो जन्मदाखलाच. बहुसंख्य ई-टाइप इंग्लंडाबाहेर, विशेषतः अमेरिकेला गेल्या, आणि नंतर त्यांतल्या कितीतरी परत आणून त्यांचे स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे केले गेले. त्यामुळे जी मुळातच उजव्या हाताची, तिथेच जन्मून तिथेच वाढलेली, तिला तिथे अधिक मान. भाच्याने दाखला मागवला. चॅसिस जुळले. रंग जुळला नाही, पण मालकाने ते आधीच सांगितले होते.

यास्काच्या निरुक्तात भावाच्या सहा विकारांचा विचार येतो: जन्मणे, असणे, बदलणे, वाढणे, झिजणे आणि नाहीसे होणे. तो विचार क्रियापदांच्या संदर्भात आहे, हे मी जाणतो, आणि गंभीर व्याकरणकार मला क्षमा करोत. पण एखादी जुनी गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवून खालून पाहिली, तर हे सहाही विकार एकाच वेळी समोर टांगलेले दिसतात. जन्म त्या ठोकलेल्या क्रमांकात असतो. बदल नव्या नटबोल्टांत. वाढ नंतर बसवलेल्या मोठ्या रेडिएटरमध्ये. आणि झीज तर सर्वत्र, विशेषतः दरवाजाखालच्या पोकळ पेटीत, जिथे पाणी साठते आणि आतून गंज धरतो. ई-टाइपला मधल्या भागात वेगळी सांगाडाचौकट नाही, पत्र्याची ती पेटीच भार उचलते. म्हणून तिथला गंज हा अंगावरचा डाग नसून हाडाचा रोग असतो. वर चकचकीत रंग, खाली पुट्टी, आणि पुट्टीखाली काहीच नाही, अशा गाड्या जगात पुष्कळ आहेत, आणि त्या ओळखायला एक साधे चुंबक पुरते: पत्र्यावर ते चिकटते, पुट्टीवरून घसरून पडते. मला ते चुंबक फार आवडले. इतक्या महागड्या निर्णयात इतके स्वस्त प्रमाण.

पण असणे म्हणजे काय, हा प्रश्न चुंबकाने सुटत नाही. झिजलेले बदलायचेच असते. बदलत बदलत एक दिवस सारेच बदलले, तर ती गाडी तीच उरते का? मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद रथातून नागसेन भिक्खूंकडे येतो, आणि नागसेन त्याला त्याच्याच रथाविषयी विचारतात: रथ म्हणजे दांडा का, आस का, चाके का, की या सगळ्यांहून निराळे काही? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी त्याला कबूल करावे लागते की या अवयवांवर अवलंबून ‘रथ’ हे केवळ नाव चालते. दोन हजार वर्षांच्या आसपास लोटली, आणि जुलै 1990 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात एका न्यायाधीशांपुढे जवळजवळ हाच रथ पुन्हा उभा राहिला.

तो रथ होता बेंटलीचा, ‘ओल्ड नंबर वन’ या नावाचा. ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ही गाडी पहिली आली. दोन्ही वेळा चालकांत वुल्फ बार्नाटो होता, जो बेंटली कंपनीचा अध्यक्षही होता. पुढे शर्यतींसाठी तिच्यात बदल होत गेले, मोठे इंजिन बसले, 1932 साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत तिचा भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी दगावला, त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली, अंग बदलले, आकार बदलला. आणि 1990 साली जेव्हा ती एक कोटी पौंडांना विकायचा करार झाला, तेव्हा घेणाऱ्यांनी म्हटले की ल माँ जिंकलेल्या गाडीचा हिच्यात भागच उरलेला नाही, तेव्हा ही ती गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेक भागाचा इतिहास तपासला. 1929 चे जवळजवळ काही उरले नव्हते, हे त्यांनी मान्य केले. आणि तरीही निर्णय विकणाऱ्याच्या बाजूने दिला. कारण, त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, नवे भाग इतक्या हळूहळू आणि इतक्या दीर्घ काळात त्या एका देहात मुरत गेले की तिची ओळख कधी तुटली नाही, जगात दुसरी कोणतीही गाडी त्या नावावर हक्क सांगू शकत नाही, आणि जे विकले जात होते त्यात धातूबरोबर तो इतिहास आणि ती कीर्तीही होती.

नागसेनांच्या उत्तराला या निकालाने काळाची जोड दिली, असे मला वाटते. रथ अवयवांवर अवलंबून असतो हे खरे, पण त्याबरोबर त्या अवयवांच्या अखंड हकिकतीवरही अवलंबून असतो. आणि ती हकिकत उघडी असली, सांगितलेली असली, तर बदल भावाला खात नाही. न्यायालयातही तपासाला आधार मिळाला तो याचाच, की काय बदलले आणि केव्हा, याची नोंद शोधता येत होती. बदलाने भाव कमी-जास्त होईल. लपवलेल्या बदलाने मात्र ‘असणे’च मोडते, आणि एकदा ते मोडले की वरचा कोणताही आकडा हवेत तरंगू लागतो.

आणि याच्या उलटचीही एक गोष्ट आहे, जी ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. 1963 साली जॅग्वारने शर्यतीसाठी ॲल्युमिनियमच्या हलक्या अंगाच्या अठरा ई-टाइप करायचे ठरवले, तसे क्रमांकही राखून ठेवले, पण गाड्या झाल्या बारा. उरलेले सहा क्रमांक पन्नास वर्षे नोंदवहीत रिकामे पडून होते, आणि 2014 पासून कंपनीने त्या सहा क्रमांकांच्या सहा गाड्या नव्याने, जुन्याच रीतीने बांधून दिल्या, प्रत्येकी सुमारे दहा लाख पौंडांना. जन्माआधी नाव ठेवलेले आणि नावानंतर पन्नास वर्षांनी जन्मलेले हे मूल. त्याचे नाव अस्सल, रक्त अस्सल, घराणे अस्सल. पण भोगलेले काहीच नाही, एकही शर्यत नाही, एकही ओरखडा नाही. जुन्या बारांपैकी एखादी बाजारात आली तर ती या नव्यांपेक्षा कितीतरी अधिक भावाला जाते. धातू सारखा, घडण सारखी. फरक पडतो तो फक्त भोगाचा. ‘होणे’ या अर्थाने भाव त्या जुन्या गाडीने मिळवलेला असतो, नवीने फक्त ‘असणे’ मिळवलेले असते.

भोगाशिवाय स्वभावही कळत नाही, आणि स्वभाव हा भावाचा सर्वांत जवळचा सोयरा. भाच्याला मी म्हटले की कागद पुष्कळ पाहिलेस, आता तिला चालवून ये, आणि एकदा नव्हे. थंड इंजिनाने सुरू होते का, तापल्यावर तेलाचा दाब टिकतो का, चौथ्या गिअरवरून तिसऱ्यावर येताना खरखर येते का, मागच्या ब्रेकचा काही आवाज होतो का; ई-टाइपचे मागचे ब्रेक चाकांपाशी नसून आत, गाडीच्या मध्याजवळ बसवलेले असतात, तिथे हात पोचायला मागचा अख्खा भाग खाली उतरवावा लागतो, आणि ज्याने तिथली गळती चालवून घेतली आहे त्याने आणखी काय काय चालवून घेतले असेल याचा अंदाज आपल्यालाही बांधता येतो. तिसऱ्यांदा तो पावसात गेला. पावसात काचेच्या आतून वाफ धरली, वायपर कुरकुरले, उजव्या पायाशी इंजिनाची धग आली, आणि तो परत येऊन म्हणाला की ‘मामा, साठच्या पुढे गेली की ती एकदम शांत होते’. त्याच्या आवाजात मी जे ऐकले ते कागदांत कुठेच नव्हते.

इथे आपण तिसऱ्या अर्थाशी आलो. भरताच्या नाट्यशास्त्राने भावांत फरक केला: काही येतात आणि जातात, ते संचारी, एक खाली टिकून असतो, तो स्थायी, आणि रस होतो तो त्या स्थायीचा. बाजारातही हेच घडते, फक्त तिथे संचारी भावालाच स्थायी समजण्याची चूक फार होते. 1988 च्या ऑगस्टमध्ये एन्झो फेरारी गेला, आणि त्यानंतरच्या दोनेक वर्षांत जुन्या गाड्यांचे भाव असे चढले की गाड्या कधी न चालवणारे लोक गुदामांत गाड्या साठवू लागले. बेंटलीचा तो एक कोटींचा करार झाला तोही याच उन्मादाच्या शिखरावर. नव्वदीच्या आरंभी हा सारा बाजार कोसळला. ज्यांनी आकड्यावर प्रेम केले होते त्यांचे प्रेम आकड्याबरोबर गेले. ज्यांनी गाडीवर केले होते त्यांच्याकडे गाडी उरली. मी भाच्याला एवढेच विचारले: उद्या हिचा भाव निम्मा झाला, तर ती तुला निम्मी वाटेल का? तो लगेच काही बोलला नाही, आणि ते मला बरे वाटले. लगेच ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाने बहुधा विचार केलेला नसतो.

कोणी म्हणेल की हे सारे श्रीमंतांचे चोचले; यात भावभक्तीचे नाव कशाला घेता? आक्षेप अगदीच गैर नाही. 2022 च्या मे महिन्यात मर्सिडीजने 1955 साली केलेल्या दोनच उलेनहाउट कूपेंपैकी एक, 300 एसएलआर, साडेतेरा कोटी युरोंना गेली, जगातली आजवरची सर्वांत महाग गाडी, आणि एवढ्या पैशात काय काय झाले असते याचा हिशेब कोणाच्याही मनात येईल. अर्थात त्या पैशातून तरुणांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभा राहिला, हेही सांगायला हवे. मला त्या आकड्यावर टिप्पणी करायची नाही. भाव हा शब्द जिथे जिथे राहतो तिथे तिथे मला जायचे आहे, आणि तो श्रीमंताच्या गॅरेजमध्येही राहतो, तेव्हा दारातून परत फिरणे मला प्रामाणिक वाटत नाही. आपल्याकडेही 2021 पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, आणि त्यांनी रोजच्या कामाला न धावता प्रदर्शनाला, संशोधनाला, जुन्या गाड्यांच्या फेऱ्यांनाच बाहेर पडावे असा नियम आहे. म्हणजे आपल्या सरकारनेही हे मान्य केले आहे की काही वस्तूंचा उपयोग संपतो आणि भाव उरतो.

आणि मग त्या गाडीतली ती एक गोष्ट निघाली. तज्ज्ञाने इंजिनाचा क्रमांक घासून, स्वच्छ करून वाचला, आणि तो दाखल्याशी जुळला नाही. जॅग्वारने तेच 4.2 लिटरचे इंजिन आपल्या मोठ्या सलून गाड्यांतही वापरले होते, आणि केव्हातरी मूळचे इंजिन निकामी झाल्यावर कोणीतरी सलूनचे इंजिन आणून ई-टाइपमध्ये बसवले होते. हे पुष्कळ गाड्यांत झाले आहे, आणि यंत्र म्हणून त्यात दोष नाही. मालकाला विचारले तेव्हा तो आधी थबकला, मग आत गेला, आणि एक जुनी पावती घेऊन आला. त्याला ठाऊक होते. सांगितले नव्हते, एवढेच.

भाचा त्या रात्री म्हणाला की गाडी सोडून द्यावी. मी त्याला बेंटलीची आठवण करून दिली, आणि त्या निकालाची: तिच्यातही मूळचे काही उरले नव्हते, पण जे झाले ते उघड झाले, म्हणून ती तीच राहिली. इथे लपवणे पंधरा वर्षांचे असेल, पण आता पावती हातात आहे, साल आहे, गॅरेजचा शिक्का आहे. मोडलेले असणे इथे जोडता येण्यासारखे आहे, जर जोडणाऱ्याची तयारी असेल तर. इंजिनाच्या अभावाचा आकडा बाजारात ठरलेला असतो. तो वजा कर, आणि त्यावर आणखी थोडे, न सांगितल्याबद्दलचे. मालकाने पहिल्या दिवशी नकार दिला. चौथ्या दिवशी फोन केला.

गाडी आता भाच्याकडे आहे. तिच्या कागदांच्या फाइलमध्ये, जन्मदाखल्याच्याही वर, त्याने एक कागद लावला आहे, स्वतःच्या अक्षरात, तारीख आणि सहीसकट: इंजिन मूळचे नाही, सलून गाडीचे आहे, पावती मागे जोडली आहे, आणि मी हे जाणून तिला घेतले.